फाटक्या कानाचा बिबट्या

कान फाटलेलाच होता. डावा नव्हे, उजवा... पण फाटलेला होता हे नक्की, वरच्या टोकापासून अर्ध्यापर्यंत, आणि फाटलेली कड जराशी बाहेर वळलेली. कवडूने कात्रण डोळ्यांजवळ नेलं तेव्हा कानाचे नुसते ठिपके झाले, काळे नि करडे. मग तो हात हळूहळू लांब नेत गेला आणि एका ठरावीक अंतरावर ठिपके पुन्हा एकमेकांना धरून कान होऊन बसले. बोर्ड रंगवणाऱ्या माणसाला ही गंमत जुनी होती. भिंतीला नाक लावून काढलेलं अक्षर रस्त्यापलीकडे जाऊनच वाचायचं असतं. फक्त तो रस्ता आजवर इतका रुंद कधी झाला नव्हता.

कात्रण विलायतेतल्या पेपरातलं होतं, एका मोर्च्याच्या फोटोचं. जिजाबाईंच्या प्रेमलताने, बर्मिंगहॅमच्या दवाखान्यात नर्स असलेल्या त्यांच्या पोरीने, पत्राच्या घडीत घालून पाठवलेलं. पत्र चार दिवसांपूर्वीच आलं होतं, पण जिजाबाईंना वाचता येत नाही आणि त्यांची पत्रं वाचण्या-लिहिण्याचं काम वर्षानुवर्षं कवडूकडे. तेव्हा आज सकाळी तो चुन्याचा डबा नि कुंचा घेऊन त्यांच्या नागपूरच्या इंदोरा वस्तीतल्या घरासमोर उतरला तेव्हा त्यांना वाटलं, पत्र वाचायलाच आला. त्याने डबा सायकलीच्या आड ठेवला. का ठेवला... लाज वाटली म्हणून ठेवला.

"वाच ना गा," जिजाबाई उंबऱ्यावर बसत म्हणाल्या.

त्याने वाचलं. आई, मी बरी आहे, इथं फार थंडी. परवा ड्यूटी करून येत होते तर रस्त्यानं मोर्चा चालला होता, पोलिसांनी एका काळ्या मुलाला मारलं म्हणून. आणि सगळ्यात पुढच्या कापडावर, आई, आपल्या घराची भिंत! आपला फाटक्या कानाचा! मला काही सुचेना, मी नर्सच्या कपड्यातच त्यांच्यासोबत दोन चौक चालत गेले. कापड धरणाऱ्या पोराला विचारलं, हे कुठून आणलं. त्याचे आईबाप जमैकाचे. तो म्हणाला, आमच्या ताईने न्यूझीलंडहून आलेल्या एका पत्रकावरून उतरवलं. तिकडेही आमच्यासारखी पोरं आहेत, त्यांनीही पँथर काढली होती. आणि कान पोलिसाच्या दंडुक्याने फाटला म्हणे. मी म्हटलं, हा आमच्या घरचा आहे. तर तो हसला. त्याला वाटलं मी प्रेमानं म्हणते आहे. आई, कवडूदादाला सांग, भिंतीचा एक फोटो काढून पाठव. नाहीतर इथं कोणी माझं खरं मानणार नाही.

"दंडुक्यानं?" जिजाबाई म्हणाल्या.

"असं म्हणते तो पोरगा."

"अन् आपल्याचा कायनं फाटला होता?"

कवडूची नजर भिंतीकडे गेली होती.

पत्र्याच्या पुढे आलेल्या छपराखाली, रस्त्याकडे तोंड करून, तो होता तिथेच होता. माणसाएवढा उंच, एक पाय पुढे, मान खाली घातलेला आणि डोळे मात्र वर. दर विजयादशमीला दीक्षाभूमीवर लोक यायच्या आधी कवडू इथे येई आणि काजळी अळशीच्या तेलात घोटून त्याच्या अंगावर एक हात फिरवून जाई. जिजाबाई चहा देत. अकरा वर्षं. अकरा भिंतींवर काढलेल्यांपैकी हा एकच उरला होता. काही रस्ता रुंद करताना गेले, काहींची घरंच पडली, आणि एकावर तर खुद्द कवडूनेच साबणाची जाहिरात रंगवली होती आणि तेव्हा त्याला काहीसुद्धा वाटलं नव्हतं, दुपारी डबा खाऊन तो चांगला तासभर झोपलाही होता.

आणि आज या उरलेल्यावर चुना मारायचा होता. पाच वाजायच्या आत. वर निवडणुकीला उभ्या असलेल्या केशवरावांचं नाव, आणि खाली त्यांची निशाणी. शिडी. अपक्षाला मिळालेली निशाणी, काढायला सोपी, दोन उभ्या नि सहा आडव्या.

केशवराव... हे नाव अजून त्याच्या जिभेवर बसत नव्हतं. केशवा म्हणायची सवय. चौऱ्याहत्तर साली हाच केशवा मुंबईहून रेल्वेने आला होता, जनरलच्या डब्यात उभ्याने, पिशवीत दोन पत्रकं नि छातीवर एक बिल्ला. अमेरिकेत काळ्या पोरांनी पँथर काढली, मुंबईच्या आपल्या पोरांनी ते नाव उचललं, आता नागपुरात आपण... केशव बोलायला लागला की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. अमेरिका, मुंबई, इंदोरा, असे तो हाताने टप्पे दाखवी, जणू मध्ये समुद्र वगैरे काही नाहीच, सदरपासून बर्डीपर्यंत जावं तसं सगळं सरळ. तिकडं ज्याले मारते अन् इकडं ज्याले मारते, तो एकच माणूस आहे, कवडू! आणि कवडूला ते पटलं होतं, डोक्याने नव्हे, कुठे तरी खाली, पोटात. मग केशव म्हणाला, तू पेंटर ना, काढ पँथर.

पण पँथर दिसतो कसा? काळा बिबट, केशव म्हणाला. कवडूने काळा बिबट पाहिलेला नव्हता. साधा पाहिलेला होता, महाराजबागेत, पिंजऱ्यात. तेव्हा तो तीन दुपारी महाराजबागेत गेला... अजूनही त्याला त्या दुपारींचा वास येतो, ओल्या सिमेंटचा आणि मांसाचा, आणि कडुलिंबाच्या फुलांचा त्यात मिसळलेला. पिंजऱ्याची देखभाल करणारे नत्थूजी म्हणून म्हातारे होते, ते त्याला बसायला पालथी बादली द्यायचे. बिबट्या येरझारा घाली, इकडून चार पावलं, तिकडून चार. आणि वळताना दर वेळी त्याचा डावा कान उन्हात यायचा. फाटलेला.

"जंगलात फाश्यात अडकला होता," नत्थूजी म्हणाले होते. "जोर लावून निंगाला. कान तेवढा ठेवून आला तिथं."

कवडूने तो तसा काढला. केशवने खाका पाहिला आणि कपाळाला हात लावला. खाका म्हणजे तपकिरी कागदावरचं चित्र, रेघेरेघेवर सुईने भोकं पाडलेलं; कागद भिंतीला लावायचा आणि वरून निळीची पुरचुंडी आपटत जायची, की भोकांतून चित्र भिंतीवर उतरतं. केशव म्हणाला, "अबे, फाटक्या कानाचा वाघ कुठं असते का?"

"महाराजबागेत असते."

"तो पिंजऱ्यातला झाला! आपल्याले मोकळा पाह्यजे. दुरुस्त कर तो कान."

दुरुस्त करायला वेळ कुठे होता, दुसऱ्या दिवशी मोर्चा. आणि खरं म्हणजे... खरं म्हणजे वेळ होता. तासाभराचं काम. मी ते केलं नाही. मला जे दिसलं नाही ते मला काढता येत नाही, एवढंच. साबणाच्या जाहिरातीतली गोरी बाईसुद्धा मी समोर डबी ठेवून काढतो. आधी मी त्याच्या अंगावरचे ठिपके काढले, एकेक, कारण ते होते. आणि मग त्यावरून काळा फिरवला, कारण केशवला काळा हवा होता. आणि ऊन कलतं झालं की त्या काळ्याखालून ठिपके दिसायचे. केशव म्हणाला, हेही चुकलं. आठवड्यात अकरा भिंती झाल्या, केशव कागद धरायचा, मी पुरचुंडी आपटायचो, त्याच्या पापण्यांवर निळीची भुकटी बसलेली, आणि हसताना तो निळ्या डोळ्यांचा दिसायचा. इतकं कुणावर प्रेम केलं नाही मी त्यानंतर. बायकोवरही नाही.

मोर्च्यानंतर एक दाढीवाला परदेशी पोरगा आला होता, गळ्यात कॅमेरा. जिजाबाईंनी त्याला चहा दिला, त्याने बशीत ओतून पिण्याचा प्रयत्न केला आणि सांडला, सगळे हसले. भिंतीचा फोटो घेऊन गेला. कुठल्या देशाचा ते कुणी विचारलंच नाही. आपल्याकडे पाहुण्याला आधी चहा देतात, गाव नंतर विचारतात, आणि नंतर राहूनच गेलं.

तिथून निघाला असेल हा.

कवडूने कात्रण उलटं करून उन्हासमोर धरलं. कागद पातळ होता. मागून बघितल्यावर कान डाव्या बाजूला आला, जिथे असायला हवा तिथे. म्हणजे वाटेत कुठे तरी कुणी तरी फोटोची निगेटिव्ह उलटी धरली होती. कोणाच्या हाताने? त्याला दिसू लागलं... दिसू लागलं असं त्याला वाटलं... एक खोली, छपाईच्या शाईचा वास, आणि खोलीबाहेर समुद्र. एक मुलगी कागदावर वाकून कान काढते आहे, तिने कधी महाराजबाग पाहिलेली नाही, तिला फाशातला कान ठाऊक नाही, तरी ती कान सरळ करत नाही. फाटक्याची ती कड तशीच बाहेर वळवते. दुसरी मुलगी, दुसरा देश, बाहेर धुकं, तीही करत नाही. सगळ्यांना वेळ होता. दुरुस्त करणं तासाभराचं काम. कुणीच केलं नाही. का नाही केलं बुवा कुणी?

आणि मग भिंत चालू लागली. जिजाबाईंची मातीची भिंत, तिच्या कडेला लावलेल्या गोवऱ्यांच्या खुणांसकट, थंडीच्या रस्त्याने, उंच काळ्या पोरांच्या खांद्यांवरून, आणि मागे पांढऱ्या कपड्यातली आपली प्रेमलता, जिला मी सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत सोडलं होतं...

जीप थांबली तेव्हा दुपारचे दोन झाले होते. केशवराव उतरले. पांढरा खादीचा सदरा, पोट सुटलेलं, पण चाल तीच, पुढच्या माणसाला बाजूला करत जाणारी. भिंत अजून काळीच आहे हे पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"काय गा कवडू, अजून हातच नाही लावला?"

कवडूने कात्रण पुढे केलं. प्रेमलताचं पत्रही. केशवरावांनी आधी चष्मा शोधला. मग वाचलं, उभ्या उभ्या, उन्हात. वाचून झाल्यावरही त्यांनी कागद खाली केला नाही. जीपमधल्या कार्यकर्त्याने हॉर्न वाजवला तर त्यांनी न बघता हात वर करून त्याला गप्प केलं, आणि त्या एका क्षणी कवडूला त्यांच्या पापण्यांवर नीळ दिसली, अगदी स्पष्ट.

"न्यूझीलंड," केशव म्हणाला. "बापरे. अन् मी तुले कान दुरुस्त कर म्हणत होतो." तो हसला, आणि हसताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्याने लपवलं नाही. मग त्याने चष्मा काढून खिशात ठेवला, आणि चष्म्याबरोबर तो स्वतःही कुठे तरी आत गेला. "एक डाव निवडून येऊ दे कवडू, दगडाचा बसवू याच्यापेक्षा मोठा. चौकात. पण आज ही भिंत पाह्यजे. या रस्त्यावर हीच एक दिसते. पाचले मिरवणूक निंगते."

"दुसरी पाहू ना, के—" तो केशवा म्हणणार होता की केशवराव, त्याचं त्यालाच कळलं नाही.

"शरच्चंद्राचं मी मोठ्या साहेबासंगं बोलून राहिलो," केशवराव शांतपणे म्हणाले. धमकी नव्हती त्यात. असती तर बरं झालं असतं. "चार वर्षं झाले ना पोराले कोराडीत?"

"हाव."

"होऊन जाईन कायम. तू काळजी नोको करू."

जीप गेली. धूळ बसेपर्यंत कवडू तसाच उभा राहिला. शरच्चंद्र, त्याचा एकुलता एक, कोराडीच्या वीजकेंद्रात रोजंदारीवर राख उपसतो. संध्याकाळच्या बसने येतो तेव्हा त्याच्या भुवया म्हाताऱ्या माणसासारख्या पांढऱ्या असतात आणि तो आधी अंगणात उभा राहून खोकतो, मग घरात येतो. कायम झाला तर राखेतून निघून आत मशीनवर जाईल. आज निघताना बायकोने एवढंच म्हटलं होतं, केशवभाऊसंगं नीट बोला. तो नीटच बोलला होता.

त्याने चुन्यात कुंचा बुडवला.

जिजाबाई उंबऱ्यावरून उठल्या. त्यांना आत्ता कळलं की तो डबा कसला होता. "काहून पुसून राहिला गा?" एवढंच त्या म्हणाल्या, आणि आत निघून गेल्या. आतून भांड्यांचा आवाज आला, नेहमीपेक्षा मोठा.

त्याने पायांपासून सुरुवात केली. वरून खाली मारायचा असतो चुना, हे दुसऱ्या दिवशी शिकवतात या धंद्यात. पण वर तोंड होतं. पायांवरून कुंचा गेला आणि पाय गेले नाहीत. ओला चुना पाण्यासारखाच असतो, त्यातून सगळं दिसतं; तो सुकताना पांढरा होत जातो. मग पोट, पाठ, मान. सगळ्यात शेवटी कान. कानाशी त्याचा हात थांबला. इथे त्याने अकरा वर्षं, दर वर्षी, काळी कड बाहेर वळवली होती. तो मनात म्हणाला, शरच्चंद्र खोकतो रे. बिबट्याला म्हणाला. आणि कानावरून कुंचा फिरवला आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन पानठेल्याच्या सावलीत बसला.

तिथून त्याने त्याला जाताना पाहिलं. आधी पाय धुकट झाले, मग पोट, जिथे ऊन लागत होतं तिथे लवकर, सावलीत सावकाश. एकदा वाटलं तो मान वळवतो आहे. चार पावलं इकडे, चार तिकडे... डोळे बराच वेळ राहिले. कान सगळ्यांत शेवटी गेला. मग भिंत झाली, पांढरी, कुणाचीही.

आता दुसरा हात द्यायचा होता. काळ्यावर पांढरा एका हाताने बसत नाही. चुन्यात चिकटीसाठी सरस घालून घट्ट दुसरा हात द्यावा लागतो, नाहीतर भिंत ओली झाली की खालचं वर येतं. हे शिकताना उस्तादांची थप्पड खाल्ली होती त्याने, आणि तेव्हापासून तीस वर्षांत त्याने एकही कच्ची भिंत सोडली नव्हती. कवडू पेंटरचं काम म्हणजे पक्कं काम, कामठीपर्यंत लोक सांगत. सरसाची पुडी पिशवीत होती. डब्यात चुना होता. तीन वाजले होते, वेळही होता.

त्याने पिशवीत हात घातला आणि निळीची दोरी काढली. भिंतीवर ताणून झटकली. एक उभी रेघ, दुसरी उभी रेघ. आणि गेरूने शिडी भरू लागला. हात चोरासारखा चालत होता. ही हरामखोरी होती, स्वच्छ हरामखोरी, केशवाशी आणि चुन्याशीही, आणि त्याला तिची लाज वाटत होती आणि त्या लाजेखाली आणखी काही तरी हलत होतं, ज्याला तो भीतीने बघत नव्हता.

पाचला ताशे वाजत मिरवणूक आली. केशवराव जीपवर उभे होते, गळ्यात हार. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, नाव वाचलं, आणि कवडूकडे बघून मान हलवली. "एक नंबर!" जीपवरून ओरडले. "उद्याच बोलतो साहेबासंगं!" आणि ताशे पुढच्या वळणावर गेले.

मग रोजच्या वेळी जिजाबाई बादली घेऊन दारात आल्या. धूळ बसावी म्हणून त्या रोज पाणी मारतात अंगणात. त्यांनी भिंतीकडे बघायचं नाही असं ठरवलं असावं. पाठ करूनच त्या मगाने पाणी उडवत होत्या, रागाने, आणि एक मगभर पाणी भिंतीवर बसलं.

शिडीच्या खालच्या दोन पायऱ्यांमध्ये पंजा आला.

त्यांचा हात थांबला. त्या पंज्याकडे बघत राहिल्या, मग कवडूकडे. मग दुसरा मग भरून त्यांनी वर फेकला, होता तेवढा जोर लावून. पाण्याच्या ओघळात एक डोळा आला आणि वर कान. फाटलेला, डावा.

"काय गा हे?"

"चुना पातळ झाला, मावशी."

"तू कवापासून पातळ चुना लावाले लागला?"

उद्या असंच कुणी पाणी मारलं आणि केशवने पाहिलं तर? सगळी वस्ती हसली तर? शरच्चंद्रचं काय? हे सगळं त्याच्या डोळ्यांसमोर होतं, राखेच्या भुवयांसकट, आणि तरी...

"प्रेमलताले काय लिवायचं मंग?" जिजाबाईंनी हळूच विचारलं. "फोटोचं?"

"लिहितो मी," तो म्हणाला. "फोटोवाल्याले तेवढं सांग, आधी भिंतीवर पाणी मार म्हणा."

जिजाबाई आत चहा ठेवायला गेल्या. भिंत पुन्हा सुकू लागली होती. पंजा गेला, डोळा गेला. कवडू उठला, बादलीत बोटं बुडवली आणि केशवरावांच्या नावाखाली, शिडीच्या वरच्या पायरीशी, जिथे तो असणार हे त्याला डोळे मिटूनही सांगता आलं असतं, तिथे ओली बोटं टेकवली. कान आला. बोटं काढली तर तो सुकणार होता. कोराडीची बस चौकात येऊन थांबल्याचा आवाज झाला, माणसं उतरू लागली, त्यांत कुणी तरी खोकलं. आणि कवडू तसाच उभा राहिला, हात वर करून, बोटं न काढता.